चुनावाल्या मॅडम

माझ्या निरोपसमारंभात नगराध्यक्ष बोलायच्या भरात मला ‘आपल्या चुनावाल्या मॅडम’ म्हणाले आणि अख्खं सभागृह हसलं. मीही हसले. अंगावर शाल आणि हातात नारळ असताना माणूस दुसरं करणार तरी काय? पण घरी येऊन शालीची घडी घालताना मला रडू आलं. नगराध्यक्षांचा त्यात काही दोष नव्हता. गावात मला सगळेच त्या नावाने ओळखतात. नाव कशावरून पडलं तेही सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचा शेवट कसा झाला हे मात्र फार कुणाला माहीत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मी वाशीम जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेत बांधकाम विभागात अभियंता होते. गावाचं नाव लिहीत नाही. माणसं अजून तिथेच आहेत, आणि मलाही त्याच बाजारात भाजी घ्यायची असते. आमचं काम बाहेरच्याला सांगायचं तर असं : घर बांधायचं असेल तर नकाशा आमच्याकडून मंजूर करून घ्यायचा, आणि बांधून झालं की ‘नकाशाप्रमाणे बांधलं आहे, राहायला हरकत नाही’ असा दाखला आमच्याकडूनच न्यायचा. या दोन कागदांच्या मधल्या काळात माणूस मनाला येईल ते बांधतो. ते बघत उन्हातान्हात हिंडणं ही माझी नोकरी होती.

नोकरीच्या उत्तरार्धात या कामात एक नवं प्रकरण आलं, इमारतींची ऊर्जाबचत. मोठ्या इमारतीवर पाणी तापवायला सौर संच हवा, छत आणि भिंती ऊन अडवतील अशा हव्यात, खिडक्या वारा आत घेतील अशा हव्यात. यात अवघड काही नाही. घर मुळात कमी तापलं तर ते थंड करायला वीज कमी लागते. मेडशीला माझ्या माहेरच्या मातीच्या छताच्या धाब्याच्या घराला हे कुणी परिपत्रक काढून शिकवलं नव्हतं. पण धाबी गेली, पत्रे आले, स्लॅब आले, आणि मग परिपत्रकं आली.

पहिल्या जनजागृती सभेत मी मोठ्या उत्साहाने ‘वीज वाचवा’ म्हणाले. मागच्या रांगेतून एक आजोबा उठले.

“मॅडम, उन्हाळाभर सरकारच तं आमची लाईट वाचवून राह्यलं. आमी अजून किती वाचवाची?”

मी पाणी पिऊन खाली बसले.

नियम आले की पळवाटाही येतात. एका मंगल कार्यालयाच्या छतावर सौर संच बघून मी दाखला दिला. संचाच्या टाकीला डावीकडे चांगला वाटीएवढा पोचा होता. काही महिन्यांनी एका लॉजच्या छतावर गेले, तर तिथल्या टाकीला तसाच पोचा, त्याच जागी. पुढे एका दवाखान्यावर पुन्हा तीच टाकी भेटली. मी मालकाला म्हटलं, “ही टाकी मी ओळखते.”

“ओळखसानच ना मॅडम, गावातलीच हाये ते,” तो शांतपणे म्हणाला.

चौकशी केली तेव्हा कळलं की संच भाड्याने मिळतो. मंडप-डेकोरेशनवाल्याकडे, खुर्च्या आणि पातेल्यांसोबत. मी दाखला अडवला. वरून फोन आला. दाखला सुटला. त्या टाकीने माझ्यापेक्षा जास्त इमारती बघितल्या असतील.

दुसरे आमचे किसनशेठ. त्यांना व्यापारी संकुल बांधायचं होतं आणि पुढची अख्खी बाजू काचेची हवी होती. बाजू पश्चिमेची. मी परोपरीने सांगितलं की शेठ, मे महिन्यात आत चण्यासारखे भाजतील लोक. शेठ म्हणाले, “मॅडम, पुण्याले हाये ना तसंच पायजे.” पुण्याचं ऊन आणि आपलं ऊन एका आईचं नाही, हे त्यांना पटेना. नियमात काच बसवायची सोय होती, तिचा आधार घेऊन त्यांनी काच बसवली. पहिल्याच उन्हाळ्यात दुकानदारांनी काचेवर आतून-बाहेरून जुने फ्लेक्स टांगले. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे, निवडीबद्दल अभिनंदनाचे. ज्या पुढाऱ्याचा फ्लेक्स मोठा, त्याची सावली मोठी. पुढाऱ्यांनी जनतेला इतकी उघड सावली दिलेली मी दुसरीकडे कुठे बघितली नाही.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. पुढचं येत नाही.

आमच्याकडे बाहेरून एक तरुण मुख्याधिकारी आले. हुशार होते, मनाचेही चांगले. उन्हाळ्याच्या तयारीच्या बैठकीत त्यांनी विचारलं की गावात सगळ्यात जास्त तापतं कोण. बाकीचे एकमेकांकडे बघू लागले. मी म्हटलं, “साहेब, पत्र्याखालचे.” आणि त्यांना पांढऱ्या छताची गोष्ट सांगितली. पत्र्याला वरून पांढरा लेप दिला की ऊन बरंचसं परत जातं आणि खालची खोली तव्यासारखी तापत नाही. नुसता चुना पत्र्यावर धरत नाही. आधी तारेच्या ब्रशने गंज घासायचा, मग चुन्यात पांढरं सिमेंट आणि गोंद कालवून दोन हात मारायचे. वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. साहेब खूश झाले. रिसोड रस्त्याच्या कडेची पत्र्यांची वस्ती निवडली.

आता या कामाची दवंडी कशी द्यायची? आमच्याकडे कचऱ्याची घंटागाडी सकाळी गावभर फिरते, तिच्या भोंग्यावर. मजकूर आमच्या आवक-जावकच्या बाबूंनी लिहिला. मी सुट्टीवर होते, तो बघायचा राहिला. सोमवारी सकाळी दात घासताना माझ्या कानावर आलं : ‘सर्व नागरिकांना कळविण्यात येते की, नगरपरिषदेतर्फे आपणांस मोफत चुना लावून मिळेल. तरी सर्वांनी लाभ घ्यावा.’

दुपारपर्यंत गावात दुसरा विषय नव्हता. पानटपरीवर लोक म्हणत, “इतके दिवस टॅक्स घेऊन लावत होते, आता फुकट लावून राह्यले.” बाबू रडवेले झाले. “मॅडम, मी तर शुद्ध मराठीत लिहिलं होतं,” म्हणाले. शुद्ध होतंच. इतकी खरी दवंडी नगरपरिषदेने त्याआधी कधी दिली नव्हती. मी चुनावाल्या मॅडम झाले ती त्या दिवशी.

पण वस्तीत गेल्यावर हसू मावळलं. शिडी आणि बादल्या घेऊन आम्ही उभे, आणि दारं लागू लागली. एक म्हातारा काठी आडवी धरून उभा राहिला. “नोका लावू बाई. मांगं असाच पांढरा पट्टा मारून गेले होते, अन मंग जेसीबी आला.” त्याचं बरोबर होतं. अतिक्रमण काढताना आमचीच माणसं घरावर पांढरी खूण करतात. त्यांनी आमच्या हातात पांढरा रंग पाहिला होता तो एवढ्यासाठीच.

शेवटचं घर हुसेनभाई गादीवाल्यांचं. हुसेनभाई गाद्या-रजया भरायचे. दोघं नवराबायकोच. पोरी लग्न होऊन कारंज्याला आणि अकोल्याला गेलेल्या. आख्ख्या घराची एकच खोली, आणि त्या खोलीत भर उन्हाळ्यात दार लोटून, पंखा बंद ठेवून ते काम करत बसलेले.

“पंखा काहून बंद?” मी विचारलं.

हुसेनभाई हसले. “पंखा लावला तं कापूस उडते ना मॅडम. कूलर लावला तं भिजते. आमचं काम कोरड्या हवेचं अन बिनहवेचं.”

आणि गाद्यांचा हंगाम कधी? लग्नसराईत. लेकीच्या आंदणात गादी लागतेच, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. इतकी वर्षं मी ऊर्जाबचतीवर भाषणं दिली. वीज न वापरणारा माणूस कसा जगतो ते मला त्या खोलीत समजलं. मी हात वर केला तर पत्र्याची धग तळहाताला लागली. हुसेनभाईंच्या कपाळावर ओलं फडकं बांधलेलं होतं, आणि सुई घामाने सटकू नये म्हणून ते दर थोड्या वेळाने बोटं कापसात घुसळत होते.

हुसेनभाईंची बायको जमीलाबी दारात आली. तिने बादली बघितली, शिडी बघितली आणि माझ्याकडे बघितलं.

“लावा मॅडम,” ती म्हणाली. “आमाले आजवर सगळ्यायनंच चुना लावला. तुमी निदान सांगून लावून राह्यल्या.”

सगळी वस्ती हसली आणि आमची शिडी लागली. संध्याकाळपर्यंत तिचं छत धुतल्या भांड्यासारखं झालं. दोन दिवसांनी मी मुद्दाम भर दुपारी गेले. खोली काही महाबळेश्वर झाली नव्हती, खोटं कशाला सांगू? पण हुसेनभाईंच्या कपाळावरचं फडकं सुटलं होतं. “मॅडम, आज सुई हातातून निसटली नाई,” ते म्हणाले. माझ्या सगळ्या नोकरीत मला मिळालेली ती सगळ्यात मोठी पावती. पुढच्या आठवड्यात काठीवाला म्हातारा स्वतः नगरपरिषदेत आला आणि म्हणाला, “आमच्याबी घराले लावा चुना.” वस्तीतली निम्मी छतं त्या उन्हाळ्यात पांढरी झाली.

आमच्या नगरपरिषदेला त्या कामाबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं. ते अजून आमच्या दालनात लावलेलं आहे. त्यावरच्या फोटोत जमीलाबीचं छत आहे, आधीचं आणि नंतरचं.

त्याच उन्हाळ्यात एक बाहेरची एजन्सी गावातल्या सगळ्या घरांचं ड्रोनने चित्रीकरण करून गेली. कुठलं घर कच्चं, कुठलं पक्कं, याची नोंद वरून घ्यायची होती. वरून पत्रा कसा दिसतो? गंजका, तांबडा. आणि स्लॅब? सपाट आणि पांढुरका. एजन्सीच्या पोरांनी थंड खोलीत संगणकापुढे बसून ठरवलं की रिसोड रस्त्याच्या वस्तीत पुष्कळांनी स्लॅब टाकलेले आहेत.

हुसेनभाईंनी घरकुलासाठी अर्ज केलेला होता. हिवाळ्यात निकाल लागला. अपात्र. कारण, पक्के छत.

जमीलाबी तो निकाल घेऊन माझ्याकडे आली. ती माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, “मॅडम, तुमचा चुना लईच पक्का निंगाला.”

मी घरकुलाचं काम बघणाऱ्या पोराकडे गेले. सांगितलं की मी स्वतः त्या छतावर चढले आहे, पत्राच आहे, पाय ठेवला की वाजतो.

“मॅडम, सिस्टीममध्ये पक्कं दाखवतंय.”

“अरे, चल माझ्याबरोबर, आत्ता दाखवते.”

“मी बघून काय होणार? सिस्टीमने बघितलं पाहिजे.”

मी अभियंता म्हणून लेखी दिलं. ते चाललं नाही. ज्या विभागाने छत रंगवलं त्याच विभागाचा दाखला कसा धरायचा, असं उत्तर आलं. चिडून मी मुख्याधिकाऱ्यांकडे जायला निघाले, तर त्यांची बदली झालेली. एकच वाट उरली होती. फेरतपासणीचं पथक येऊन मोबाईलवर छताचा फोटो काढणार, आणि फोटोत पत्रा उघडा दिसला तर नाव परत लागणार.

मी जमीलाबीला म्हटलं की थांबा, पथक आलं की मी येते, त्यांना शिडीवर चढवते, हाताने पत्रा वाजवून दाखवते. तिने मान डोलावली. पण चार दिवसांनी त्या रस्त्याने गेले तर ती छतावर बसून तारेच्या ब्रशने चुना खरडत होती. खाली हुसेनभाई शिडी धरून उभे. त्यांच्या केसांवर, खांद्यांवर पांढरी भुकटी पडलेली.

“अवो, हे काय करून राह्यल्या?” मी ओरडले. माझ्या तोंडून मेडशीचीच भाषा निघाली. “उन्हाळा तोंडावर आला!”

“घर आलं का जिंदगीभराचं होईन मॅडम. एका उन्हाळ्याचं काय, काढून घेऊ.”

“मग वरून तुराट्या टाका, ओली पोती टाका. पथक आलं की काढा.”

“पथक सांगून येते का?” ती म्हणाली. “मांगच्या टायमाले उडतं मशीन आलं ते सांगून आलं का? आमी नळावर असलो, अन ते पोती पाहून गेले तं?”

हुसेनभाई मला समजावत म्हणाले, “जाऊ द्या मॅडम. चुना लावाच्या आंधी बी तं जगतच होतो.”

पथक आलंच नाही. निवडणूक लागली, आचारसंहिता लागली आणि पथकातले सगळे निवडणुकीच्या कामाला गेले. मी दर सोमवारी विचारायची. दर सोमवारी उत्तर यायचं, “आचारसंहिता उठू द्या मॅडम.” एप्रिल गेला. मे आला. त्या वर्षीचा मे आमच्याकडचे लोक विसरणार नाहीत. दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं. लग्नं मात्र होती, आणि आंदणाच्या गाद्या वेळेवर द्यायच्या होत्या.

जमीलाबी दुपारी टँकरवर पाणी भरायला गेली होती. परत आली तेव्हा हुसेनभाई भिंतीला टेकून बसलेले होते, मांडीवर अर्धी टाचलेली गादी, सुई गादीतच. तिला वाटलं डोळा लागला. तिने हाक मारली, मग हलवलं. दवाखान्यात नेलं तेव्हा काही उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं. खरंच पडलं होतं, त्यात खोटं काही नाही. त्या हृदयावर कुठलं छत होतं हे लिहायला कुठल्याच कागदात रकाना नसतो.

मी गेले तेव्हा खोलीत बायका बसलेल्या होत्या. कापसाची गाठोडी कोपऱ्यात सरकवली होती. कुणीतरी पंखा लावला होता. कापसाचे तुकडे उडून बायकांच्या पदरांवर बसत होते, आणि एकदम जमीलाबी उठली, बटण बंद केलं आणि परत येऊन बसली.

निकाल लागले, आचारसंहिता उठली, पथक आलं. न सांगताच आलं, ती म्हणाली होती तसं. छत उघडं होतं. फोटो स्वच्छ आला. पात्र.

लोक मला समजावतात. मॅडम, तुम्ही तर चांगलंच केलं होतं. मलाही ते माहीत आहे. मी रंगवलेलं छत एक उन्हाळा त्या माणसाला पुरलं. पण एका टेबलाने दिलेली सावली दुसऱ्या टेबलाने गुन्हा धरली, आणि मधल्या मधे तो माणूस उन्हात उभा राहिला. याचा राग अजून माझ्या पोटात आहे, तो शालीने झाकला जात नाही.

यंदा उन्हाळा लागता लागता जमीलाबीचा निरोप आला. घर झालं, बघायला या. गेले. एक खोली, स्वयंपाकघर, वर स्लॅब, दारावर तिच्या नातवाने चिकटवलेला झेंडूचा प्लास्टिकचा हार. तिने चहा केला. खोली तापलेली होती. स्लॅब दिवसा ऊन पितो आणि संध्याकाळी ते खाली सोडतो, हे आम्ही प्रशिक्षणात शिकतो. ती शिकायला कुठे गेली नव्हती.

“मॅडम,” तिने विचारलं, “आता तं पक्कंच झालं. आता चुना लावला तं चालते ना?”

“चालतं,” मी म्हटलं.

तिने बादली आधीच कालवून ठेवली होती. बाबू नव्हते, साहेब नव्हते, घंटागाडी नव्हती. दोघी वर चढलो. गुडघे दुखत होते, ती मला हात देत होती. स्लॅबला दोन हात मारून आम्ही उतरलो तेव्हा दोघींचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते. हात धुवायला आत गेले. खोलीत डोक्यावर पंखा जोरात फिरत होता. मी वर बघितलं, ते तिने बघितलं.

“आता लावता येते,” ती म्हणाली. “उडायले काई राह्यलंच नाई.”